वरची चिमूट

मयुरी डिसेंबरात वर्ध्याजवळच्या आपल्या गावी, आंजीला परत आली ती दोन बॅगा आणि तुळशीची एक कुंडी घेऊन. नागपूरकडच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, ती नोकरीला होती. अमेरिकेत कुठल्या तरी बँका बुडाल्या, तिकडे जाणारा रंग गोदामात पडून राहिला आणि साहेबांनी तिला बोलावून अगदी नम्रपणे समजावलं की आता प्रयोगशाळेत एकच माणूस पुरेल. ते माणूस दुसरं होतं.

"गावात इचारलं तर सुट्टीवर आली म्हणजो," यशोदाबाई लेकीला म्हणाल्या. "तुह्यासाठी स्थळ पाहून राह्यलो आम्ही. उगाच बोभाटा नको."

बसून खाणं मयुरीच्या स्वभावात नव्हतं. आठवड्याभरात ती वडिलांच्या किराणा दुकानात बसू लागली. दुकानाची स्थिती काही बरी नव्हती. बसस्टँडवर हेमराजनं नवं दुकान थाटलं होतं. तिथं सगळं पाकिटात मिळायचं. इकडे वडील, प्रभाकरराव, अजून जुन्या तराजूनं तोलत होते.

मयुरी त्यांचा हात बघत राही. वजनाचं आणि मालाचं पारडं एका रेषेत आलं की ते थांबत नसत. डब्यातून एक चिमूट घेऊन वर टाकत. मालाचं पारडं खाली टेकलं की मगच पुडी बांधत. गिऱ्हाइकाबरोबर लहान मूल असलं तर गुळाचा खडा वेगळा. गिऱ्हाईक कोणीही असो, चिमूट ठरलेली. त्याबद्दल कोणी आभार मानत नसे आणि मागतही नसे.

मयुरीनं ती चिमूट मोजली. मोजणं हेच तर तिचं शिक्षण होतं.

"बाबा, एका पोत्यामागे दोन-अडीच किलो डाळ अशीच जाते. आपला निम्मा नफा जातो त्यात."

"ते नफ्यातून जात नाई, बेटा," प्रभाकरराव म्हणाले. "ते अगोदरच गेलेलं राह्यते."

"म्हणजे काय?"

त्यांना ते सांगता येईना. त्यांनी लेकीकडे पाहिलं. महिन्याभरात आज पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली होती. "तू शिकलेली हाय," ते म्हणाले. "कर तुह्या हिशेबानं." आणि वर्ध्याहून इलेक्ट्रॉनिक काटा आला.

धुरपताबाई बाजाराच्या दिवशी येत. बुद्धविहारामागे त्यांचं घर. स्वतःचं दोन एकर वावर करून त्या दुसऱ्यांच्या निंदण-खुरपणीलाही जात. त्यांनी नेहमीप्रमाणे पाव किलो तुरीची डाळ मागितली. काट्यावर आकडा तीन ग्रॅम वर गेला. मयुरीनं दोन बोटांनी दाणे उचलले, परत डब्यात टाकले. अजून थोडं वर होतं. अजून चार दाणे उचलले. आकडा बरोबर पाव किलोवर थांबला, तेव्हा तिला प्रयोगशाळेतलं जुनं समाधान वाटलं.

धुरपताबाई डब्यात परत गेलेल्या दाण्यांकडे बघत होत्या.

"लय बारीक काम करते वो तुह्यी मशीन," त्या म्हणाल्या.

मयुरीला ते कौतुक वाटलं.

पहिल्या महिन्यात तिच्या हिशेबाइतकाच नफा वाढला. दुसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक कमी झालं. तक्रार कोणीच केली नाही. फक्त समोरच्या ओट्यावर बसणारे बाबाराव एकदा आगपेटी घ्यायला आले आणि म्हणाले, "मयुरीबाई, काड्या मोजून देजो बरं. एखादी जास्त आली तर मले रातभर झोप नाई येनार." ओट्यावरची मंडळी खो खो हसली. प्रभाकररावही कसनुसं हसले. संध्याकाळी रिकाम्या दुकानात मयुरी पुन्हा पुन्हा आकडेमोड करत बसे. चूक सापडत नव्हती. दुकान असंच ओसरलं तर ते तिच्या हातानं ओसरलं, हे मात्र तिला दिसत होतं. इथंही आपण नकोसे झालो तर जायचं कुठं?

फेब्रुवारीत ओला हरभरा आला. दरवर्षी या दिवसांत धुरपताबाई आपल्या वावरातला हरभऱ्याचा भारा दुकानाच्या फळीवर टाकून "भाजून खाजा" म्हणत आणि मागे न बघता निघून जात. मयुरी लहानपणापासून तो हरभरा खात आली होती.

या वेळी त्यांनी भारा फळीवर टाकला नाही. काट्यावर ठेवला.

"तोल."

"काऊन, मावशी?"

"मशीन हाय ना? तोल. बजारभाव लाव. पाव किलो डाळ दे, बाकीचे पैसे दे. जास्त नको मले, अन कमी बी नको."

प्रभाकररावांचा हात साखरेच्या डब्यातच थांबला. मयुरीनं तोललं. देठं, पाला, घाटे, मुळांची माती, सगळ्यांचा मिळून एक आकडा आला. तिनं डाळ दिली, पैसे दिले. धुरपताबाई गेल्या.

"इतक्या वर्षांत," प्रभाकरराव सावकाश म्हणाले, "त्या बाईनं मले कधी काई विकलं नोहोतं."

यशोदाबाईंनी हरभरा भाजला. चांगला भरला होता. पण परातीतून घाटे कोणी आवडीनं उचलेना. मयुरीनं हातातले घाटे सोलले, पण दाणे तोंडात टाकले नाहीत. चिमूट जात होती तशी येतही होती, आणि येणारी चिमूट तिनं कुठेच मांडली नव्हती. तिला साहेबांचा नम्र चेहरा आठवला. त्यांचाही हिशेब बरोबरच होता.

पुढच्या बाजारी धुरपताबाई आल्या, तेव्हा मयुरीनं पाव किलो डाळ तोलली आणि वर एक भरगच्च मूठ टाकली.

धुरपताबाईंनी ती पारड्यातून बाजूला सारली. "हे कायचं? कीव करून राह्यली का माह्यी?"

"नाई, मावशी."

"मंग?"

प्रभाकरराव गल्ल्याशी होते. आतल्या दारात यशोदाबाई येऊन उभ्या होत्या. मयुरी एकदा आईकडे बघून म्हणाली, "मी सुट्टीवर नाई आली. मले कामावरून काढलं. तिथं एक माणूस जास्त होतं, ते मी होती. अन इथं येऊन मी तेच करून राह्यली, लोकांच्या पारड्यातलं काढून राह्यली."

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. धुरपताबाई मात्र जराही चकित झाल्या नाहीत.

"मालूम हाय साऱ्या गावाले," त्या म्हणाल्या. "सुट्टीवर आलेली पोरगी तुळशीची कुंडी घेऊन येते का कधी?"

प्रभाकरराव आधी हसले. मग आतल्या दारातूनही हसू ऐकू आलं.

मयुरीनं बाजूला सारलेली मूठ डब्यात टाकली. मग बाबांसारखी, दोन बोटं आणि अंगठ्यात मावेल एवढीच चिमूट घेऊन पारड्यात सोडली. आकडा हलला.

"त्याच्याकडे पाहू नको," धुरपताबाई म्हणाल्या. "पाहून देल्लं तर देल्लं नाई वाटत."

मयुरीनं पुडी बांधून दिली. धुरपताबाईंनी ती पिशवीत ठेवली, पायरीपर्यंत गेल्या, परत फिरल्या आणि पिशवीतून कोथिंबिरीची एक हिरवीगार जुडी काढून ठेवली. काट्यावर नाही, काट्याशेजारी.