समुद्राचा तळ

यशया मास्तरांनी समुद्र जन्मात एकदाच पाहिला होता, तोही मुंबईला, लांबून. पण शेवगावच्या पूर्वेला, जिथं उन्हाळ्यात विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरतात, तिथं तेवढं भांडवल पुष्कळ होतं. त्यातच त्रेचाळीस साली नगरच्या मडमेनं मिशनच्या शाळेला समुद्राचं रंगीत चित्रांचं पुस्तक दिलं आणि मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. पुस्तक इंग्रजी होतं. चित्राखालचं मास्तर मराठीत सांगत, पोरं ते पाठ करत.

सगळ्यात चांगलं पाठ व्हायचं दयाचं. तिचा बाप दानीएल पलटणीत गेला होता. लढाईत त्याचं जहाज बुडालं आणि तो बेपत्ता असल्याची तार आली. तिची आई मरिया रडली नाही. विहिरीत बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतो, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समुद्र खोल, तेव्हा वेळ लागेल, एवढंच तिचं म्हणणं. कुणीतरी त्याला काढील, कळवील, मग माती द्यायची आणि मगच बांगड्या फोडायच्या. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या तरी बांगड्यांचा नेम कुणी सोडला नव्हता.

दयानं एकदा वर्गात विचारलं, "मास्तर, समुद्रातला मानूस कितव्या दिशी वर येतो?"

"येत नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुस्तकातलं समुद्राच्या तळाचं पान उघडलं. "हेच पाठ कर. तपासणीला तू सांगायचंस."

दयानं पाठ केलं. घरी मात्र एक अक्षर बोलली नाही. आईला जे कळू द्यायचं नाही ते त्या एवढ्याशा पोरीनं पोटात ठेवलं.

तपासणीला साहेब आले. मिरवायला मिळावं म्हणून मास्तरांनी आईबापांनाही बोलावलं होतं. मरिया धुवट लुगडं नेसून दाराशी बसली, लेकीकडं कौतुकानं बघत. मास्तरांनी तळाचं पान धरलं.

"वरून जे बुडतं," दया म्हणाली आणि आईकडं पाहून थांबली. "ते हळूहळू परत वर येतं."

छडी तळहातावर बसली. "नीट सांग."

"वर येतं."

आता पोटरीवर. साहेब चष्मा पुसत होते. परक्याच्या पोरीचं त्यांना काय. तिसऱ्यांदा मास्तरांचा हात वर गेला तेव्हा दयानं डोळे मिटून धडाधडा सगळं सांगून टाकलं. वरून जे बुडतं ते तळाला जातं. तिथं उजेड नसतो. खेकडे आणि मासे ते खातात. वर काही येत नाही.

"शाबास," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

मरिया उठली. "मास्तर, ह्ये पुस्तकात हाय?"

"छापलेलं आहे, मरियाबाई. विलायतेत."

ती उंबऱ्याशी खाली बसली आणि तिनं दोन्ही हात दगडावर आपटले. हिरव्या काचा वर्गात उडाल्या.

"दया," मास्तर म्हणाले, "काचा वेच. साहेबांना जायचंय."