तुकाबाईची कातर आणि पडद्यावरचा डोंगर

मी एक जुनी कातर आहे. कात्री म्हणू नका, कात्री ती शिंप्याची. पौडच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं, तेही मेंढ्यांची लोकर कापायला. माझं वजन असं, की नवख्याचा हात दुपारपर्यंत भरून येतो. माझं बोलणंही तसंच आहे, तेव्हा रागावू नका.

मित्रांनो, माझी मालकीण तुकाबाई. माले गावाच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यावर राहते. घरी तीस मेंढ्या, आणि नोकरी उरवड्याच्या कारखान्यात. तिथे औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं होतात. तिथल्या प्रयोगशाळेत ती काचेची भांडी धुते आणि तपासणीसाठी बुचं कापून देते.

आता रबर म्हणजे नुसता झाडाचा चीक नव्हे. ते तडकू नये, मऊ राहावं, म्हणून त्यात नाना द्रव्यं मिसळतात. कोणतं किती पडलंय हे बघायचं, तर आधी बुचाचे मोहरीएवढे तुकडे करावे लागतात. तिथली चकचकीत कात्री रबरावरून घसरायची. अंगठ्याला फोड आला तेव्हा तुकाबाई वैतागली. "ही कसली कात्री? ही तर नुसती दाखवायला हाय!" दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घालून आणलं.

अकरा वर्षं मी रबर कापलं. ते तुकडे कागदाच्या नळीत भरायचे, द्रावकात दिवसभर उकळायचे, उतरलेला अर्क वाळवून तोलायचा. दिवसाला दोन नमुने झाले तरी डोक्यावरून पाणी. तपासणी करणाऱ्या मृण्मयी मॅडम माझे तुकडे तळहातावर घेऊन म्हणायच्या, "मावशी, किती एकसारखे!" आणि मी इकडे फुगून जायचे.

मग गेल्या वर्षी ते यंत्र आलं. पांढरंशुभ्र, कपाटाएवढं. चाळीस कुप्या ओळीने लावल्या की त्याचा हात आपोआप एकेक उचलतो, आतला तुकडा तापवतो आणि पडद्यावर डोंगरांची रांग काढतो. प्रत्येक द्रव्याचा डोंगर ठरलेल्या जागी. पाहुणे आले की त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. दसऱ्याला झेंडूचा हार त्यालाच. मला तुकाबाईने कुंकवाचं बोट लावलं, तर मॅडमनी तेही पुसायला लावलं. "मावशी, या यंत्राला कणभर काही लागलं तरी कळतं हो!" माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू! त्या डबड्याला तुकडे कापून कोण देत होतं? मीच ना?

यंदा आषाढात तुकाबाईच्या एका कोकराच्या पाठीवरची जखम चिघळली. घरची कातर नेमकी मोडलेली. शनिवारी तिने मला कुणाला न सांगता पिशवीत टाकलं. रविवारी जखमेभोवतीची लोकर मी कापली, तिने हळद भरली, कोकरू शांत झालं. इतक्या वर्षांनी लोकर कापताना मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तुकाबाईने मला फडक्याने पुसलं, पण खिळ्याच्या सांध्यात लोकरीचं मेण, म्हणजे लोकरीला अंगचाच असतो तो चिकट तेलकटपणा, राहून गेलं. मला ते कळत होतं. पण सांगणार कशी?

सोमवारी मी बुचं कापली, आणि यंत्राने पडद्यावर एक भलताच डोंगर काढला.

"हे चरबीसारखं काय आहे? आपल्या मिश्रणात हे नाहीच!" मॅडमनी फोन उचलला. व्यवस्थापक शेखर साहेब धावत आले. औषधाच्या बुचात परकं द्रव्य म्हणजे थट्टा नव्हे, ते बाटलीत उतरून रोग्याच्या अंगात जायचं. सगळा माल अडवला गेला. रबरात द्रव्यं तोलून घालण्याचं काम पंधरा वर्षं नाथाकडे होतं. त्याला बोलावणं गेलं.

"साहेब, कागदावर हाय तेवढंच टाकलं मी."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

"ते मला ठावं न्हाई. पर मी न्हाई टाकलं."

साहेबांनी त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. नाथा मान खाली घालून दारातून बाहेर गेला. मोरीपाशी तुकाबाई भांडी धूत होती. तिला वाईट वाटलं, पण काय झालंय ते तिला अजून उमगलं नव्हतं.

थोड्या वेळाने मॅडम यंत्रातली द्रव्यांची यादी चाळताना मोठ्याने म्हणाल्या, "हे तर लोकरीच्या मेणाशी जुळतंय. कारखान्यात लोकर कुठून येणार?"

तुकाबाईचे हात तिथेच थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. बोलली तर नोकरी जाणार, आणि गप्प राहिली तर कुणालाही कळणार नव्हतं. मी मनात ओरडत होते, "बोल गं बाई, बोल!" तिने नळ बंद केला, हात पुसले आणि मला उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"ह्या कातरीनं काल मेंढीची लोकर कापलीया. नाथाचा काय बी दोष न्हाई."

"घरी न्यायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच न्हाई. माजी कातर म्हून नेली. चुकी माजी हाय."

मॅडमनी माझा खिळा कापसाने पुसला आणि तो कापूस यंत्रात घातला. तोच डोंगर! मग त्याच मालातलं बूच नव्या पात्याने कापून तपासलं. डोंगर गायब. यंत्र खोटं बोललं नव्हतं, मित्रांनो. माझ्या अंगावर होतं तेच त्याने दाखवलं होतं. त्याच्यावरचा माझा राग त्या दिवशी गेला.

नाथाला परत बोलावलं. तुकाबाईला लेखी ताकीद मिळाली, नोकरी वाचली. मला मात्र प्रयोगशाळा बंद झाली. मला पिशवीत घालताना तुकाबाईचे डोळे भरून आले. दारात नाथा उभा होता. ती मान वर करेना. त्याने हात पुढे केला. "आण ती हिकडं, तुकामावशे. धार गेलीया. लावून आणतो."

आता मी धनगरवाड्यावर खुंटीला असते. ते कोकरू चांगलं धष्टपुष्ट झालंय. मित्रांनो, हत्यार वापरलंत की नीट पुसा, खिळ्यापाशीसुद्धा. आणि पुसायचं राहिलंच, तर कुणी विचारायच्या आधी सांगून टाका. मला बोलता आलं असतं, तर नाथाला त्या दिवशी मान खाली घालून दारातून जावं लागलं नसतं.