ब्याऐंशीच्या खाली

पट्ट्याचं चौथं भोक काही केल्या बसेना. निरीक्षकाने श्वास आत ओढला, पोट पाठीला लावलं आणि पट्टा पुन्हा खेचला. तिसऱ्या भोकापर्यंत सगळं सुरळीत, पुढे नाही. त्याने खाली पाहिलं. पायाशी वजनकाटा होता, आणि दोनच मिनिटांपूर्वी त्या काट्याने त्याला ब्याऐंशी किलो दाखवले होते.

दुसऱ्या कुणी चामडं आटलं म्हणून पट्ट्याला नावं ठेवली असती. पण हा माणूस तीस वर्षं वजनमापं तपासत आला होता. वाण्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यांतले काटे त्याच्या हाताखालून गेले होते. दोन मापं जुळत नसली की त्यातलं एक खोटं बोलतंय, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. शहाण्णवला पट्ट्याचं पहिलं भोक, ब्याण्णवला दुसरं, अठ्ठ्याऐंशीला तिसरं. चार किलोला एक भोक हा हिशोब तीन महिने बिनचूक चालला होता. मग चौऱ्याऐंशीला चौथं का लागलं नाही?

"किती रे?" बाहेरच्या खोलीतून ताईने विचारलं.

"ब्याऐंशी."

"झालं की मग. आता जरा पोटाला खा, छोट्या."

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तो शहाण्णव किलोचा झाला, बावन्न वर्षांचा झाला, तरी तिच्या तोंडचा छोट्या काही सुटला नव्हता. तो शाळेत फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करतो हे घरात पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं होतं, आणि पुढे चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात तिचा सगळा जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. तेव्हापासून ती भावाकडे राहत होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होती. वजनकाटाही मुळात तिच्यासाठीच आणलेला. अंगात पाणी किती साठलं, हे तिला सकाळ-संध्याकाळ बघावं लागे.

भावाचं मूत्रपिंड तिला जुळत होतं. रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या जुळल्या. आडवं आलं ते त्याचं पोट. "ब्याऐंशीच्या वर असलात तर मी हात लावणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "बहिणीला बरं करायला भावाला आजारी पाडायचं नाही मला." शेवटची तपासणी आता बावीस दिवसांवर आली होती. ती हुकली तर पुढची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. ताईच्या हाताच्या शिरा सुया टोचून टोचून थकल्या होत्या. तोवर तिचं काय होईल, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि घरातल्या कुणाची विचारायची छाती झाली नव्हती.

कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही स्कूटर काढणारा हा गृहस्थ म्हणून पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारू लागला होता. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्यांत त्याला धाप लागे आणि कठड्याला धरून तो असा उभा राही, की येणारे-जाणारे पाणी विचारत. मग दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. साखर सुटली. तपासणीला गेल्यावर दुकानदारांचा चहा सुटला, आणि त्याने तर बाजारात घबराटच पसरली. साहेब चहा घेत नाहीत म्हणजे आज कुणाचं तरी काही खरं नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले.

त्या दिवशी ऑफिसात त्याचं लक्ष लागेना. कुठेतरी पाणी मुरत होतं. दुपारी बायको ताईला घेऊन डायलिसिसला गेली होती आणि घर रिकामं होतं. त्याने रीतसर नोंद करून ऑफिसातली प्रमाणित वजनं बाहेर काढली, वीस-वीस किलोची चार आणि एक पाच किलोचं. ती ऑफिसच्या गाडीत टाकून घरी आणली आणि एकेक करून दोन जिने वर चढवली. शेवटचं वर पोचेपर्यंत सदरा ओलाचिंब झाला होता.

आधी त्याने रिकामा काटा पाहिला. सुई शून्यावर, केसाचाही फरक नाही. ती रोजच शून्यावर असे आणि तो रोज समाधानाने वर चढे. पहिलं वजन ठेवलं, वीस. दुसरं, चाळीस. तिसरं ठेवल्यावर बरोबर साठ. त्याला स्वतःचीच लाज वाटायला लागली. घरच्या काट्यावर संशय घेणारा माणूस उद्या बायकोच्या चमच्यांनाही शिक्के मारील. त्याने चौथं वजन ठेवलं.

सुई साडेसत्त्याहत्तरवर थांबली.

पाच किलोचं ठेवल्यावर साडेएक्क्याऐंशी.

तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि काट्याकडे बघत राहिला. असा काटा त्याने तीस वर्षांत पाहिला नव्हता. खोटा काटा सगळ्यांशी खोटा असतो. हा शेहेचाळीस किलोच्या ताईशी खरं बोलत होता, अठ्ठावन्न किलोच्या बायकोशी खरं बोलत होता, आणि घरातल्या एकाच माणसाशी खोटं.

त्याने वजनं उतरवली, काटा उलटा केला. स्क्रूंवर त्याने स्वतः लावलेली शिक्क्याची लाख शाबूत होती. मग बॅटरी घेऊन तो आडवा झाला आणि वरची पाटी व खालची पेटी यांच्यातल्या फटीत डोळा लावला. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत करड्या रबराचे दोन ठोकळे चिकटवलेले होते. वजन वाढलं की पाटी खाली येऊन त्यांच्यावर टेकायची आणि पुढचा थोडा भार ते परस्पर खाऊन टाकायचे. युक्ती जुनी होती. एका भंगारवाल्याला ती वापरताना त्याने पकडलं होतं आणि ती गोष्ट जेवताना घरात तिखटमीठ लावून सांगितलीही होती. रबर त्याने लगेच ओळखलं. ताईच्या इंजेक्शनच्या बाटल्यांची बुचं होती ती.

त्या बाटल्या बायको हाताळत असे.

संध्याकाळी ताई थकून झोपल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. बायको भांडी पुसत होती.

"काट्यात रबर तू घातलंस?"

"कसलं रबर?"

त्याने सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण ती खुर्ची ओढून बसली.

"अहो, मला अडवायचं असतं तर मी तोंडाने अडवलं असतं. काट्याच्या आडून कशाला बोलू?"

"तुला भीती वाटत नाही?"

"वाटते की. तुम्ही घामाघूम होऊन घरी येता, तेव्हा रोज वाटते. आणि ताई सुया टोचून घेऊन परत येतात, तेव्हा त्याहून जास्त वाटते." तिने ओले हात पदराला पुसले. "कसं होतं ते रबर? अख्खं बूच?"

"नाही. पातळ चकत्या आहेत. एकावर एक पाच. कडा अशा घासल्यात की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही."

बोलता बोलताच तो थांबला. बायको त्याच्याकडे बघत होती. या घरात रबराची कड अशी घासू शकेल असं एकच माणूस होतं.

"मागच्या महिन्यात त्यांनी माझ्याकडे ब्लेड मागितलं होतं," बायको हळूच म्हणाली. "मी म्हटलं, पेन्सिलीला टोक करायचं असेल."

त्याला आधी राग आला. पहाटेच्या फेऱ्या आठवल्या, उकडलेल्या भाज्या आठवल्या, गुडघ्यांना लावलेली मलमं आठवली. तडक आत जाऊन ताईला उठवावं आणि जाब विचारावा, असंही वाटलं. तो दारापर्यंत गेलाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पट्टी बांधलेला हात पांघरुणाबाहेर ठेवून. तो परत फिरला.

"विचारणार नाही?" बायको म्हणाली.

"विचारलं तर ती रबर काढेल आणि दुसरं काहीतरी शोधेल. डोकं चालतं तिचं." तो पाणी प्यायला. "मी साडेपंच्याऐंशीचा आहे. बावीस दिवस आहेत."

रबर जिथल्या तिथे राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काट्यावर चढला. "किती रे?" बाहेरून प्रश्न आला. "ब्याऐंशीच," त्याने सांगितलं. पुढे काट्यावरचा आकडा उतरत गेला, एक्क्याऐंशी, ऐंशी, पण तो मोठ्याने ब्याऐंशीच म्हणत राहिला आणि दारामागच्या कॅलेंडरवर ब्याऐंशीच लिहीत राहिला. नोकरीच्या तीस वर्षांत त्याने एकही नोंद खोटी केली नव्हती. इथे रोज सकाळी एक होत होती, आणि नवल म्हणजे त्याचा हात जराही अडखळत नव्हता.

ताई खुशीत होती. ती त्याच्या ताटात जास्तीचा भात वाढायला सांगे. तो ऑफिसात खाऊन आलो म्हणे, आणि ते ऐकूनही ती खूशच होई. दुपारच्या सुट्टीत तो बाजाराला वळसा घालून तासभर चाले. बसमधून दोन थांबे आधी उतरे. आता कुणी शाबासकी देणारं नव्हतं, किती उतरलं म्हणून विचारणारं नव्हतं. एका दुपारी चालता चालता त्याच्या लक्षात आलं, की धाप लागत नाहीये आणि आपण शीळ घालतोय. ते त्याला इतकं चमत्कारिक वाटलं, की तो थांबून इकडेतिकडे बघू लागला.

तपासणीच्या दिवशी ताईही बरोबर होती, तिलाही डॉक्टरांना भेटायचं होतं. ती बाकावर शांत बसली होती, निकाल आधीच ठाऊक असल्यासारखी. नर्सने त्याला चपला काढायला सांगितल्या.

"एक्क्याऐंशी पॉइंट चार," नर्स म्हणाली आणि तिने लिहून घेतलं.

ताई उठून जवळ आली. चष्मा नाकावर नीट बसवून तिने आकडा वाचला.

"पुन्हा एकदा बघता का?"

नर्सने त्याला उतरवून पुन्हा चढवलं. एक्क्याऐंशी पॉइंट चार.

"हा काटा कुणी तपासतं का?"

"दरवर्षी येतात की, मावशी."

"कोण येतं?"

नर्सने पेनाने निरीक्षकाकडे खूण केली. "हेच येतात."

दोघं बाकावर येऊन बसली. समोरून स्ट्रेचर गेलं, एक बाई फाइल छातीशी धरून घाईघाईने गेली. ताईने समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं.

"कधी कळलं तुला?"

"बावीस दिवस झाले."

"बोलला नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस?"

"मला वाटलं, चार लोकांत देतो म्हणून बसलास, आता मागे फिरता येत नाहीये तुला. उपाशी बसायचास रोज, मला बघवेना. म्हटलं, काट्यावर ढकलून द्यावं. घरी ब्याऐंशी बघून तू थांबशील, इथे वजन जास्त भरेल, झालं, संपलं. कुणाचा दोष नाही."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

तो विचार करू लागला. पहिल्या महिन्यात एकदा वजन उतरलं नव्हतं, तेव्हा त्याला आतून बरं वाटलं होतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"तेव्हा नसतं सांगितलं," तो म्हणाला. "भीती वाटायची मला. सुटलो तर बरं, असंही एकदा वाटलं होतं."

"मग? मी वाट करून दिली होती की."

"हो. पण ती दिसल्यावरही चार किलो उतरवलेत मी, ताई. कुणाला दाखवायला नव्हे. कॅलेंडरवर तर ब्याऐंशीच आहे."

ताईने पट्टीवरचा सुटलेला दोरा गुंडाळून तोडला. निरीक्षकाला मात्र एक गोष्ट बावीस दिवस छळत होती आणि आता राहवेना.

"पण तू ते जमवलंस कसं? तू शेहेचाळीस किलोची. किती जाडी लागेल, हे वजन टाकून बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"तू रोज उभा राहायचास ना." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण टिकलं नाही. "एका दिवशी एक चकती. तू आकडा सांगायचास, मी दुसऱ्या दिवशी पुढची लावायची. चष्म्याचा नंबर काढताना एकेक काच वाढवत नेतात, तसं."

तो मान हलवत राहिला. इतकं स्वच्छ काम त्याने कुठल्याच दुकानात पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला तिला सांगावंसं वाटलं. पण तेवढ्यात दार उघडलं.

"मावशी, तुम्ही आत या," नर्स म्हणाली. "एकट्याच. तुमची मर्जी काय आहे, हे डॉक्टर तुम्हालाच विचारणार."

ताई उठली. दाराशी थांबून तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आत गेली आणि दार लागलं.

आता त्याच्या हातात काही नव्हतं. ती नको म्हणाली असती, तर तो तिचाच हक्क होता. तो बसून राहिला. वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. त्याने दोनदा उठून दारापर्यंत फेरी मारली आणि परत बसला.

ताई बाहेर आली ती हळूहळू चालत. बाकावर बसली, चष्मा काढून पदराने पुसू लागली. डोळे लाल होते. तिने चष्मा उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"सोमवारी दाखल व्हायचंय," ती म्हणाली. "आदल्या रात्री दहानंतर काही खायचं नाही म्हणाले. पाणीसुद्धा नाही."

"तुला?"

"दोघांना."