पहिली हाक सारसाची

मित्रांनो, मी गोंदियाजवळच्या कामठ्याकडच्या तलावावरचा एक म्हातारा सारस आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हाताऱ्यानं गोड बोलावं, लेकरांना शहाणपणाच्या चार गोष्टी सांगाव्यात, अशी रीत आहे. सांगेन, त्याही सांगेन. पण आधी माझा राग ऐकून घ्या.

माझा जन्म धानाच्या बांधीत झाला. बांधी म्हणजे पाणी अडवून धान लावतात तो शेताचा तुकडा. माझ्या आईबापांनी गवत, लव्हाळं आणि धानाची ताटं ओढून पाण्यातच एक ढीग रचला होता. तेच आमचं घर. अंड्यातून बाहेर आल्यावर मी मोठ्या ऐटीत पाण्यात उतरलो आणि तोंडावर आपटलो. आता मात्र माझी उंची माणसाएवढी आहे, मान लालभडक आहे, आणि मी चालायला लागलो की बगळे आपणहून बाजूला होतात. आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये म्हणतात. पण दुसरं कोणी करत नसेल तर काय करावं?

वयात आल्यावर मला जोडीदारीण मिळाली. आम्ही सारस एकदा जोडी जमवली की सोडत नाही. सकाळी मान वर करून मी एक लांब हाक देतो आणि ती लगेच दोन आखूड हाका देते. मी एक बोललो की तिनं दोन बोलायचंच. तुमच्या घरीही असंच असेल, विचारा वडिलांना!

आम्ही घर बांधलं ते पुनाराम नावाच्या शेतकऱ्याच्या बांधीत, तलावाच्या पाळीखाली. पाळ म्हणजे तलावाचं पाणी अडवणारा मातीचा उंच बांध. पुनारामच्या वाडवडिलांनी म्हणे हा तलाव खोदला होता. आमच्या घरट्यापायी त्याचं बरंच धान तुडवलं जायचं. गावातले लोक त्याला म्हणायचे, "काऊन गा पुनाराम, पाखरायले पोसून राहिला का?" तो म्हणायचा, "माह्या बांधीत बाळंतीण आहे. तिले उठवू कसं?" कापणीला तो आमच्याभोवतीचं धान तसंच उभं ठेवायचा. आम्ही अंड्यांवर बसलो की हातात काठी घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधावर, यायचा आणि कुत्री हाकलायचा. त्याच्या भरवशावर आम्ही किती पिल्लं उडवली, ते मोजायची मला कधी गरज वाटली नाही.

त्याच्या मागोमाग त्याची लेक निशा यायची. फ्रॉकचा घोळ चिखलात, नाक वाहतंय, आणि डोळे आमच्यावर. मोठी होऊन ती नागपूरला शिकायला गेली. परत आली तेव्हा तिच्या गळ्यात पितळेचं एक वाकडं वाद्य होतं. त्याला सॅक्सोफोन म्हणतात. पुनारामला ते लग्नातल्या बँडचं वाटलं. "वरातीत वाजवशील का वं आता?" असं त्यानं विचारलं, तेव्हा ती पोट धरून हसली.

एका सकाळी मी हाक दिली, कारभारणीनं दोन दिल्या, आणि पाळीवरून तिसरंच कोणी उत्तरलं. निशा होती! आवाज आमच्यासारखा नव्हता, पण मनापासूनचा होता. मी मान वाकडी करून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी हाक दिली, पुन्हा उत्तर आलं. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. पहिली हाक माझी. मी बोलेपर्यंत ती वाद्य मांडीवर ठेवून बसायची. मी नाही बोललो, तर उठून घरी जायची. एवढी अदब मी माणसात फार पाहिलेली नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती आपली मंडळी घेऊन आली. राहुल नावाचा ढोलताशांचा अख्खा संसार मांडून बसणारा एक ड्रमवाला, माणसाएवढ्या उंच तारांच्या वाद्याला मिठी मारून उभा राहणारा पीयूष, आणि पेटी वाजवावी तशी पट्ट्यांवर बोटं फिरवणारी मोनाली. ते जॅझ वाजवायचे. म्हणजे काय, ते मला आधी कळलं नव्हतं. मग कळलं की एकजण काही म्हणतो आणि दुसरा त्याला त्या घडीला सुचेल तसं उत्तर देतो. हात्तिच्या! हे तर आम्ही रोज सकाळी करतो.

ते तलाव ऐकायचे. सांडव्यावरून पडणारं पाणी, बेडूक, धानातून जाणारा वारा. त्यातून त्यांनी स्वतःचं नवं संगीत बांधलं आणि त्याला आमच्या तलावाचं नाव दिलं. राहुलनं एका लांब काठीला केसाळ बोंडासारखं काहीतरी लावून माझी हाकही भरून घेतली. मला काय, मी खूश! वाटलं, चला, म्हातारपणी आपलीही कोणीतरी दखल घेतली.

मग ठरलं की कार्यक्रम तलावाच्या पाळीवरच करायचा, पोळा झाल्यावर. तेव्हा आमच्या घरट्यात दोन अंडी होती. आमचं वय झालेलं, मित्रांनो. मागच्या दोन पावसाळ्यांत अंडी पडलीच नव्हती. या खेपेला पडली तेव्हा कारभारीण कितीतरी वेळ नुसती उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

पुनाराम कार्यक्रमाला राजी नव्हता. धुऱ्यावर उभा राहून तो निशाला म्हणाला, "बाई, तो अंड्यावर आहे. या दिवसात त्याले परक्या सारसाची हाक आयकू आली, त भांडाले धावते तो. घर सोडून धावते."

"माहीत आहे न मले, बाबूजी," निशा म्हणाली. "भोंगे तलावाकडे तोंड करून ठेवू. अन भरून घेतलेली हाक वाजवणारच नाही. पहिली हाक त्याची. तो बोलला त मी बोलीन, नाही त नाही."

हे ती माझ्यादेखत बोलली. मी घरट्यावर बसून ऐकलं आणि निर्धास्त झालो.

त्या दिवशी दुपारपासून गाड्या लागल्या. गोंदियाहून, आमगावहून लोक आले. भज्यांची दुकानं आली आणि भज्यांच्या वासानं कुत्री आली. पुनाराम काठी घेऊन धुऱ्यावर घट्ट उभा होता. दिवस कलला, दिवे लागले, वाजवणं सुरू झालं. खोटं कशाला बोलू, फार सुंदर होतं. पीयूषच्या तारांतून खोल पाणी आलं, मोनालीच्या बोटांतून पावसाचे थेंब आले. कारभारणीनं डोळे मिटले होते.

मध्येच कोणी सूत्रसंचालक माईकवर ओरडला, "सारसमित्र पुनारामजी यांचा सत्कार! त्यांनी मंचावर यावं!" पुनाराम जागचा हलेना. मग दोन माणसं आली आणि त्याला हाताला धरून घेऊन गेली. "अरे, थांबा न बाप्पा, इथं कोनी पाह्यजे न," तो म्हणत होता. बांधीची राखण करतो म्हणून शाल आणि नारळ द्यायला त्यांनी राखणदारालाच बांधीवरून उचललं. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

शाल अजून अंगावर पडायची होती, तोच सूत्रसंचालकानं जाहीर केलं की आता खुद्द सारस निशाताईंना उत्तर देईल. सगळं शांत झालं. निशा माझ्या हाकेची वाट बघत राहिली. मी कसा बोलणार? डोळ्यांवर उजेड, खाली अंडी. लोकांची चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी शिट्टी मारली. राहुलनं निशाकडे पाहिलं आणि यंत्रावर बोट ठेवलं. ती नाही म्हणू शकली असती. तिनं बांधीकडे पाहिलं, मग समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं, आणि मान हलवली. होकाराची.

आणि माझ्या घराच्या अगदी जवळ एक नर सारस ओरडला.

तो माझाच आवाज होता. पण आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही, मित्रांनो. तुम्ही स्वतःचा आवाज मोबाइलवर ऐकून बघा. मला एवढंच कळलं की कोणी दांडगा आमची जागा घ्यायला आलाय. माझं रक्त उसळलं. मी उठलो, कारभारीण उठली, पंख पसरून आम्ही पाळीकडे धावलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो. तो पुन्हा ओरडला. आम्ही पुन्हा ओरडलो. निशानं सॅक्सोफोन उचलला आणि आमच्या ओरडण्यात सूर मिसळला. लोक उभे राहिले. टाळ्या, टाळ्या, नुसत्या टाळ्या! मी दुश्मन शोधत होतो, आणि तिथे दुश्मन नव्हताच. भोंग्यांच्या काळ्या डब्यांची एक चळत होती.

आम्ही परत आलो तेव्हा घरट्यावर कुत्री होती. पुनाराम गळ्यातल्या शालीसकट चिखलातून धावत आला. उशीर झाला होता.

केसानं गळा कापला म्हणतात. माझ्या मानेवर तर केससुद्धा नाहीत. तरी कापला, आणि जिच्यापुढे मी मान विश्वासानं लांब केली होती तिनंच कापला. परक्यानं केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो.

सकाळी निशा धुऱ्यावर आली. पुनाराम कवचं वेचत होता. ती रडत म्हणाली, "बाबूजी, मले वाटलं, तो माह्याशी बोलून राहिला."

पुनारामनं वर पाहिलंही नाही. "तुह्याशी नाही बोलत होता वं तो," तो म्हणाला. "तो म्हणे, माह्या घरातून निघ."

ती शाल त्यानं पुन्हा कधी अंगावर घेतली नाही.

त्या संध्याकाळचं माझं ओरडणं आता लोकांच्या मोबाइलमध्ये वाजतं. पाळीवर फिरायला येणारे ते लावतात आणि एकमेकांना सांगतात, "वा, काय जुगलबंदी आहे!" मित्रांनो, तुमच्या कानावर ते आलं, तर एवढं करा, टाळी वाजवू नका. ते गाणं नाही. एक बाप घर वाचवायला धावलाय आणि घर त्याच्या पाठीमागे मोडतंय, त्याचा तो आवाज आहे. रानातल्या कोणावर तुमचं प्रेम असेल तर खुशाल असू द्या. पण त्याला हाक मारायच्या आधी, ती ऐकून त्याला काय सोडून यावं लागेल, याचा विचार करा.

या पावसाळ्यात अंडी नाहीत. आता व्हायचीही नाहीत. तरी पुनाराम सवयीनं काठी घेऊन येतो. आणि निशाही येते, एकटीच. पाळीवर बसते, सॅक्सोफोन मांडीवर ठेवते आणि वाट बघते. कारभारीण मनानं मऊ आहे, ती माझ्याकडे बघत मान वर करते. हाक माझ्याही गळ्याशी येते. मी ती गिळतो आणि बेडूक शोधायला लागतो. अंधार पडला की निशा वाद्य पेटीत ठेवून निघून जाते. तिनं अजून एकदाही स्वतःहून सूर काढलेला नाही.

पहिली हाक सारसाची असते, हे आता तिला पक्कं कळलंय. मी ती अजून दिलेली नाही.