कानकूनचं तीर्थ

त्र्याण्णव सालचा रविवार. लंडनजवळच्या हाउन्सलोच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अजय टॉयलेटमधून लघवी तपासायची पट्टी नाचवतच बाहेर आला. "निळी! यमुनाच्या लघवीत साखरच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मयासुराची विद्या आहे बाळांनो!" जयंतमहाराज गरजले. "मेक्सिकोतल्या कानकूनजवळच्या, माया लोकांच्या देवळातल्या विहिरीचं तीर्थ! डॉक्टरांच्याच पट्टीनं साक्ष दिली. आता इन्सुलिन कशाला?"

विद्या कसली डोंबलाची! महाराज भक्तांना घेऊन आठवडाभर समुद्रकाठच्या हॉटेलात लोळले, आणि ती पडकी देवळं पाहिली जेमतेम एक दुपार.

मागच्या रांगेत सुनीती हे ऐकत होती. त्या ट्रिपला ती आणि तिचा मधुमेही नवरा हरीशही होते. "आपण काही अंधश्रद्धाळू नाही, टेस्ट करून बघू," हरीश म्हणाला होता. तीर्थ प्यायला, पट्टी निळी राहिली, इंजेक्शनं बंद. घरी आल्यावर उलट्या, मग ग्लानी. तरी ही सुनीती पट्टीच बघत बसली! हॉस्पिटलनं रक्त तपासलं तेव्हा साखर आभाळाला भिडलेली. मागच्या आठवड्यात हरीश गेला.

"बाबा, मी आता सुई नाही घ्यायची ना?" नऊ वर्षांच्या यमुनानं अजयला विचारलं.

सुनीती ताडकन उठली. सोबत तिची मैत्रीण सिप्पोरा, केमिस्टच्या दुकानातली फार्मासिस्ट. सिप्पोरानं टेबलावर दोन ग्लासांत ग्लुकोजचं पाणी ओतलं. पहिल्यात पट्टी बुडवली, तपकिरी झाली. दुसऱ्यात महाराजांचं तीर्थ घालून बुडवली. निळीच!

"अगं, साखर गेली कुठे?" कुणीतरी ओरडलं.

"कुठेही नाही. तीर्थात व्हिटॅमिन सीची पूड आहे, भरमसाट. ती लघवीत उतरते आणि पट्टीचा रंग बदलूच देत नाही. साखर आहे तिथेच राहते," सिप्पोरा म्हणाली.

महाराज कनवाळू हसले. "ताई, तुमच्या यजमानांची श्रद्धा कमी पडली."

"श्रद्धा भरपूर होती," सुनीतीचा आवाज फाटला. "इन्सुलिन कमी पडलं! अजयभाऊ, पाया पडते, पोरीला आत्ता हॉस्पिटलात न्या. आणि तुम्ही सगळे ऐका. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, यात काय घातलंय? मी विचारलं नाही. नवऱ्याला मी माझ्या हातानं पाजलं हो ते."

अजयनं यमुनाला उचललं आणि गर्दीतून वाट काढत तो दाराकडे धावला.