क्रेनवाल्याचं वजन

माझ्या मोठ्या आतड्याला सूज येते. का येते, ते डॉक्टरांनाही धड सांगता येत नाही, पण नातेवाइकांना नक्की माहीत असतं. मोठी बहीण म्हणते, "तू विचार फार करतोस." मेहुणे म्हणतात, "मन खंबीर ठेव." ठेवतो की! फक्त संडासाकडे धावताना ते ठेवायचं कुठे, एवढंच कोणी सांगत नाही.

मी टॉवर क्रेन चालवतो. केबिन वीस मजले वर. बनवणाऱ्या थोर माणसाने तिला काचा दिल्या, पंखा दिला, संडास तेवढा दिला नाही. एकदा उतरता उतरता अर्ध्या शिडीवरच कार्यक्रम उरकला. खाली सगळी साइट माना वर करून बघत होती. माणसं चांगली, कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कामाच्या दिवशी मी पोटात काही घालतच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! घरी आलो की भिंतीकडे तोंड करून पडतो. मुलगी पत्ते घेऊन येते, थोडा वेळ उभी राहते आणि निघून जाते. घरात याला 'थकवा' म्हणतात.

परवा डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. "दुर्बिणीच्या तपासणीत सूज फारशी नाही, पण वजन उतरलंय, आणि वजन खोटं बोलत नाही. जोरकस इंजेक्शन सुरू करू. जेवण कसं आहे?"

"उत्तम," मी म्हणालो. डॉक्टरांना नाराज करायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत.

"डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो," बायको अभिमानाने म्हणाली.

डॉक्टर इंजेक्शनचे दुष्परिणाम सांगू लागले. बायको शहाण्यासारखी मान डोलावत होती, पण पर्सचा पट्टा तिने मुठीत आवळला होता. मला ते बघवेना.

"मी जेवत नाही," मी म्हणालो. "भीती वाटते. खायची, वर चढायची, सकाळ झाली की तिचीसुद्धा. आतडं बरं आहे, डॉक्टर. मी बरा नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. आजवर त्यांनी दिवसातून किती वेळा, कुठला रंग, सगळं विचारलं होतं. कसे आहात, हे तेवढं राहून गेलं होतं.

"मग डबा कोण खातं?" बायकोने विचारलं.

"खालून क्रेनला इशारे देतो तो सिग्नलवाला."

"आवडतो त्याला?"

"बोटं चाटतो."

तिला हसू आलं आणि त्यातच रडूही फुटलं. "म्हणजे तू वर उपाशी बसायचास," ती म्हणाली, "आणि मी पहाटे उठून त्याला जेवू घालत होते होय रे?"