मोहाखालचा पाला

माझी बायको कांता गेल्याचं मला गोंडपिपरीच्या बसस्थानकावर कळलं. मी एसटीचा चालक. आमच्या अश्वजितने गडचिरोलीच्या दवाखान्यातून फोन केला आणि आधी विचारलं, "बाबा, गाडी उभी आहे ना?" उभी होती. मग त्याने सांगितलं.

कांता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिचा जीव जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्यांत. सागाच्या रोपवनातली माती कडक, तिथे ते थोडे. मोह, ऐन, बांबू मिसळून असतात तिथली माती भुसभुशीत. पाल्यात अळ्या, गोगलगायी असतात, म्हणून त्यांना खाणारे भुंगेरेही जास्त असावेत, असं तिला वाटायचं. नुसतं वाटून चालत नाही, म्हणायची. दोन्हीकडे तिने मातीत तोंडापर्यंत डबे पुरले होते. पावसाळ्यात झाकणं काढली की फिरणारे भुंगेरे आत पडतात.

फुलं वेचायला सोपं जावं म्हणून आमच्याकडे मोहाखालचा पाला जाळतात. जळलेल्या जागी तिला कधी फारसं मिळालं नाही. यंदा फुलं वेचणाऱ्या सोमारीबाईला तिने, तुझ्या झाडाखाली जाळू नको, म्हणून विनवलं होतं.

मोहाचा हंगाम सरल्यावर मी सोमारीबाईच्या गावी गेलो. कांता गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती मला हौसेने झाडाखाली घेऊन गेली. पाला घोट्याएवढा होता. त्यातून फुलं वेचताना, कोंबडीसारखी काय उकरतेस, म्हणून बाया सोमारीबाईला हसल्या होत्या.

"बाईले सांगजा भाऊ, म्या काडी लावली नाई."

मी सांगितलं. ती तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "मंग आता जाळू का?"

"राहू द्या."

मी पाला सारून माती हातात घेतली. एवढ्या उन्हातही गार होती. घरी गेल्यावर कांताला सांगू, असं मनात येऊन गेलं.

पाऊस लागल्यावर मी सागातली झाकणं काढली. तिच्या कॉलेजातल्या नूतन मॅडम भुंगेरे ओळखून देणार आहेत. दोन्हीकडचे डबे एकाच वेळी उघडायला हवेत, नाहीतर तुलना होत नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे. म्हणून त्याच दिवशी मोहाखालीही गेलो. पहिलं झाकण कांता काढायची, मग "अहो, चला" म्हणून बाकीची मला द्यायची. मी झाकणावर हात ठेवून बसलो. मग परत आलो.

मोहाखालची झाकणं अजून काढायची आहेत.